घाई कुणाची, दोष कुणाचा?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आणि तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते. दादरला रानडे रोडवर आणि छबिलदास गल्लीत तीच गत. बोनस हातात आलेला असतो, यादी लांबलचक असते आणि वेळ थोडा. त्याच दिवसांत खिशातला फोनही गप्प बसत नाही. सवलतीचा संदेश येतो, कॅशबॅकचा येतो, पार्सल निघाल्याचा येतो. रस्त्यावरचा आणि फोनमधला असे दोन्ही बाजार फुललेले असतात आणि दोन्हींकडे चोरांची नजर असते.

यात कुणी लुबाडलं गेलं, तर चूक कुणाची? या प्रश्नावर पुण्यातल्या एका घरात आत्या आणि भाच्याचं अजून एकमत झालेलं नाही. आत्या बँकेच्या शाखेतून निवृत्त झालेली. भाचा जिल्हा ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. दोघांनीही फसलेली माणसं जवळून पाहिली आहेत, तरी त्यातून दोघांनी काढलेले अर्थ वेगळे आहेत.

आत्याचं म्हणणं सरळ आहे. पैसा आपला, तर राखणही आपलीच. “काउंटरमागे बसून मी किती जणांचं ऐकून घेतलंय,” ती म्हणते. “प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असायचंच, ‘मॅडम, त्यानं विचार करायला वेळच दिला नाही हो.’ चोराला तुमची घाई हवी असते. ती देऊ नका, त्याचा अर्धा डाव तिथंच संपतो.”

“ऐकायला बरोबर वाटतं,” भाचा म्हणतो, “पण समोरचा माणूस दिवसभर हेच काम करतो. आपण मुलांचे कपडे, फराळाचं सामान आणि ऑफिस सांभाळत मध्येच त्याचा फोन उचलतो. ही बरोबरीची लढत नाही, आत्या. आणि हरल्यावर घरातले पहिलं काय विचारतात? ‘तुला एवढंही कळलं नाही?’ मला तो प्रश्न आधी बंद करायचाय. त्या प्रश्नाच्या भीतीनं माणसं दोन-दोन दिवस बोलत नाहीत आणि त्या दोन दिवसांत पैसे हाताबाहेर जातात.”

आत्या बाजारापासून सुरुवात करते, कारण तिथल्या युक्त्या जुन्या आहेत आणि तरी चालतात. बसमध्ये चढताना दारात मुद्दाम रेटारेटी होते आणि बाईच्या हातातली पाटली कटरनं कापली जाते. शर्टावर कुणीतरी घाण उडवतं, दुसरा सभ्य माणूस पुसायला मदत करतो आणि बाकड्यावर ठेवलेली पिशवी तिसरा उचलतो. गाडीशेजारी दहा-दहाच्या नोटा टाकून ‘तुमचे पैसे पडलेत’ असं सांगतात. चालक उतरून वाकला, की दुसऱ्या बाजूच्या दारातून बॅग जाते. स्कूटरच्या डिकीत खरेदी ठेवून पुन्हा दुकानात शिरणाऱ्यांवर तर पाळतच असते.

सगळ्यात जास्त चीड तिला तोतया पोलिसांची येते. साध्या वेशातला माणूस ज्येष्ठ स्त्रीला थांबवतो. पुढच्या चौकात मोठी चोरी झालीय, तपासणी चालू आहे, दागिने काढून पर्समध्ये ठेवा, असं सांगतो. दागिने तो स्वतःच कागदात गुंडाळून देतो. घरी येऊन पुडी उघडली, की आत खडे किंवा खोट्या बांगड्या निघतात. “वर्षानुवर्षं हीच बातमी वाचतेय मी,” आत्या म्हणते. “खरा पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला लावत नाही. एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असलं, तर ही टोळी उपाशी मरेल.”

भाचा इथं तिला अडवतो. “ती बाई फसते, कारण ती कायदा पाळणारी आहे. पोलीस म्हटल्यावर ऐकायचं, हे तिला लहानपणापासून शिकवलंय. तिच्या चांगल्या सवयीचाच वापर होतो, मग तिला बावळट कसं म्हणायचं? तिला हेही सांगायला हवं, की ओळखपत्र मागायचा तिला हक्क आहे, जवळच्या दुकानात शिरायचा हक्क आहे, ११२ लावायचा हक्क आहे. ‘सावध राहा’ एवढंच सांगितलं तर ती घाबरते. हक्क सांगितला तर ती उभी राहते.”

आत्याला हे पटतं, पण ती तिथं थांबत नाही. हक्क माहीत असला तरी मंगळसूत्र परत येत नाही, असं ती ऐकवते. खेचून केलेल्या चोरीला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा मानलंय, हे भाचा सांगतो तेव्हा ती म्हणते, “छान झालं. पण गर्दीत जाताना मी पदराला पिन लावणारच. पर्सचा पट्टा आडवा घेणार, पैसे चोरकप्प्यात ठेवणार आणि जास्तीचे दागिने घरी ठेवणार. कलम आपल्या जागी, पिन आपल्या जागी.”

रोख रकमेवरून मात्र वाद रंगतो. आत्याला रोख बरी वाटते, कारण पाकिटातले पैसे संपले की खर्चही थांबतो. भाचा म्हणतो, की खिसेकापूनं नेलेल्या नोटांचा माग लागत नाही. कार्ड किंवा यूपीआयची मात्र कुठंतरी नोंद राहते. आत्या बँकेतली असल्यानं कार्डातलं भोक तिला बरोबर दिसतं. जानेवारी २०२१ पासून टेकवून चालणाऱ्या कार्डावर ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो. हरवलेलं कार्ड बंद करेपर्यंत चोर दोन-तीन दुकानं फिरू शकतो.

“पण त्यावर उपाय तुमच्याच लोकांनी दिलाय,” भाचा म्हणतो. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डधारकाला टेकवून पैसे देण्याची, ऑनलाइन खरेदीची आणि परदेशी व्यवहाराची सोय हवी तेव्हा चालू-बंद करता येते आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवता येते. बँकेच्या ॲपमध्ये ते दोन मिनिटांचं काम आहे. “कितीजण करतात?” आत्या विचारते. भाच्याचं उत्तर तयार असतं, “ज्यांना बँकेनं कार्ड देताना समोर बसवून दाखवलं, ते करतात.”

फोन चोरीला गेला तर काय करायचं, यावर दोघांत वाद नाही. आधी सिमकार्ड बंद करायचं, कारण ओटीपी तिथंच येतात. मग बँकेला कळवून यूपीआय थांबवायचं. पोलिसांत तक्रार द्यायची आणि तिची प्रत घेऊन ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेट बंद करायची विनंती टाकायची. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. तो खोक्यावर आणि बिलावर छापलेला असतो; हातातल्या फोनवर *#०६# दाबलं तरी दिसतो. फोन जायच्या आधीच तो वहीत लिहून ठेवावा, असं आत्या सांगते.

धनत्रयोदशीची सोनेखरेदी निघाली, की भूमिका उलटतात. आयुष्यभर कागद तपासणारी आत्या इथं माणसावर विसंबते. सराफ ओळखीचा, वडिलांच्या वेळेपासूनचा. भाचा मात्र विश्वासालाही कागदाची जोड मागतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसेल, तर दुकानदाराला तो विकता येत नाही. दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचं म्हणजे बीआयएसचं चिन्ह, २२ कॅरेटसाठी ‘९१६’ ही शुद्धता आणि हा क्रमांक अशा तीन खुणा भिंगातून दिसतात. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये क्रमांक टाकला, की नोंद समोर येते. तिथं अंगठी दिसत असेल आणि हातात कर्णफुलं असतील, तर खरेदी तिथंच थांबवायची.

“ओळखीच्या माणसासमोर भिंग मागायचं? त्याला काय वाटेल?” आत्या विचारते.

“चांगल्या सराफाला बरंच वाटतं, कारण त्याची स्पर्धा खोट्याशी आहे. आणि बिल घे, आत्या. वजन, शुद्धता, घडणावळ वेगवेगळी लिहिलेलं पक्कं बिल. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाईची तरतूद बीआयएसच्या नियमांत आहे. ती मागायची तर बिल लागतं. तीन टक्के कर वाचवायला कच्च्या पावतीवर घेतलेल्या सोन्यासाठी मी आयोगापुढे काय मांडू?”

कच्च्या पावतीचा मुद्दा आत्याला लागतो. ती तो मान्य करते आणि चर्चा फोनच्या बाजाराकडे वळते.

दिवाळीतल्या ऑनलाइन फसवणुकीचं स्वरूप काही वर्षांत ठरून गेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं इशारा दिला होता. नामांकित कंपन्यांच्या नावानं ‘दिवाळी भेट जिंका’ असे दुवे व्हॉट्सॲपवरून पसरत होते. त्यांतली बरीचशी संकेतस्थळं चिनी नोंदणीची होती. सोपे प्रश्न विचारायचे, बक्षीस लागलं म्हणायचं आणि ते मिळवण्यासाठी हाच दुवा मित्रांना पाठवायला लावायचा, अशी त्यांची रीत. म्हणजे दुवा येतो तो ओळखीच्या माणसाकडून. भारतीय टपाल खात्याच्या नावानं ‘पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत दुरुस्त करा’ असा संदेशही फिरतो. तो खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबीच्या तथ्य तपासणी विभागानं जाहीर केलं आहे. खरेदीच्या दिवसांत प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या पार्सलची वाट पाहत असतं, म्हणून तो लागू पडतो.

दारात येणारा प्रकारही आहे. न मागवलेलं पार्सल घेऊन माणूस येतो, घरात एकटे आजोबा असतात, नातवानं मागवलं असेल म्हणून ते रोख देऊन टाकतात. आजोबा नको म्हणाले, तर ‘रद्द करायला ओटीपी सांगा’ असं विचारलं जातं. कुरिअरवाल्याच्या नावानं फोन करून *४०१* पासून सुरू होणारा क्रमांक दाबायला सांगतात. त्यानं तुमचे कॉल चोराच्या फोनवर वळतात. या युक्तीचा एवढा उपद्रव झाला, की असे कोड दाबून कॉल वळवण्याची सोय एप्रिल २०२४ पासून थांबवायला दूरसंचार विभागानं सांगितलं.

आत्याजवळ यावर नियमांची यादी आहे. ऑर्डरची स्थिती पाहायची तर ज्या ॲपवरून मागवलं तिथंच पाहायची, संदेशातल्या दुव्यावरून नाही. ग्राहकसेवेचा क्रमांक सर्च इंजिनवर शोधायचा नाही, कारण तिथं चोरांनी आपले क्रमांक पेरलेले असतात. कुणाच्याही सांगण्यावरून एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायचं नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच त्याबद्दल बजावलं होतं. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. बँकेचा सेवाविषयक कॉल १६०० नं सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच यायला हवा आणि बँकेच्या संकेतस्थळाचा शेवट आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा असायला हवा.

भाचा ही यादी शांतपणे ऐकतो आणि मग आपला मुख्य मुद्दा मांडतो. “रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये ‘राजू अँड द फॉर्टी थीव्ह्ज’ नावाची चित्रमय पुस्तिका काढली. चांगली आहे, मी लोकांना देतो. तिच्यात फसवणुकीचे चाळीस प्रकार आहेत. आता चाळीस प्रकार लक्षात ठेवून किराणा कोण मागवणार? वर्षानुवर्षं आपण लोकांना सांगत राहिलो, की पैसे ‘मागण्याची’ विनंती आली तर पिन टाकू नका. लोक तरी फसत राहिले. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीनं दुसरीला अशी विनंती पाठवण्याची सोयच यूपीआयनं बंद केली. व्यापाऱ्यांपुरती ती राहिली. सूचनांनी जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते यंत्रणा बदलल्यावर झालं. माझं म्हणणं एवढंच आहे.”

आत्या त्याला दुसरं उदाहरण देते. दुकानाच्या क्यूआर कोडवर चोरानं आपलं स्टिकर चिकटवलं, तर कुठली यंत्रणा ते ओळखणार? पैसे पाठवण्याआधी पडद्यावर दुकानदाराचं नाव येतं, ते वाचायचं काम ग्राहकाचंच. आणि पणत्या विकणारी बाई? तिला तर लोक पैसे दिल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून पसार होतात. साउंडबॉक्स बोलेपर्यंत ती माल सोडत नाही, ते योग्यच करते. गिऱ्हाइकानं त्याचा राग मानू नये.

मग भाचा एक खटला समोर ठेवतो, आणि तो दोघांच्याही बाजूनं बोलतो.

ऑक्टोबर २०२१, दिवाळीला थोडेच दिवस राहिलेले. आसाममधल्या एका ग्राहकानं एका नामांकित ब्रँडच्या संकेतस्थळावरून कपडा मागवला आणि तो परत करायचं ठरवलं. काही वेळात त्या ब्रँडची ग्राहकसेवा म्हणून फोन आला. विक्रेत्याकडची माहिती फुटली होती, त्यामुळे फोन करणाऱ्याला खरेदीचा तपशील माहीत होता. परताव्यासाठी म्हणून त्यानं एक ॲप घ्यायला लावलं आणि स्टेट बँकेच्या खात्यातून ९४,२०४ रुपये गेले. ग्राहकानं २४ तासांच्या आत बँकेला कळवलं. ग्राहकानंच ओटीपी दिला असणार, म्हणून आपली जबाबदारी नाही, असं बँकेचं म्हणणं. गुवाहाटी उच्च न्यायालयानं ते मानलं नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं सांगून रक्कम परत करायला लावली. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही बँकेची याचिका फेटाळली.

“याचा पाया रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक,” भाचा सांगतो. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ते मर्यादित. साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपये. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा व्हायला हवी. आणि ग्राहकाची चूक होती, हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर.

“पण त्याच परिपत्रकात पुढची ओळ आहे,” आत्या लगेच म्हणते. “स्वतःहून ओटीपी किंवा पिन दिला, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. तू ज्या निकालाचं नाव घेतोस, त्यातही सर्वोच्च न्यायालयानं ग्राहकांनी अत्यंत दक्ष राहावं, ओटीपी कुणाला देऊ नये, असं म्हटलंच आहे. आणि तो माणूस जिंकला कशामुळे? २४ तासांत बोलला म्हणून.”

भाचा मान हलवतो. एवढा वेळ दोघं ज्या गोष्टीभोवती फिरत होती, ती इथं नीट दिसते. पैसे देताना जेवढं सावकाश, तेवढंच ते गेल्यावर तातडीनं. आत्या पहिल्या भागावर जोर देते, भाचा दुसऱ्यावर. आणि दुसरा भाग लाजेमुळे बिघडतो.

तातडी म्हणजे काय, तेही भाचा सांगतो. १९३० हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक. फोन लावताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपलं खातं हाताशी ठेवायचं. तक्रार नोंदली, की ती संबंधित बँकेकडे जाते आणि पैसा ज्या खात्यात पोचला तिथं तो गोठवायचा प्रयत्न होतो. चोर मात्र भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून ती रक्कम काही मिनिटांत पुढे-पुढे ढकलतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. म्हणून पहिला तास सगळ्यात मोलाचा. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यायचा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन इथंही नोंद करायची. स्क्रीनशॉट, संदेश, कॉलची नोंद, काहीच पुसायचं नाही.

फसवणूक चोरानं नाही तर दुकानानंच केली असेल, म्हणजे वेगळा माल पाठवला, परतावा अडवला, तर रस्ता वेगळा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीनं तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात द्यावं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं शुल्क लागत नाही.

आत्याचा घाईचा मुद्दाही भाचा शेवटी मान्य करतो, पण आपल्या पद्धतीनं. “घाई फक्त चोरच लावत नाहीत. ‘दोनच नग उरले’, ‘सवलत दहा मिनिटांत संपेल’ असं खऱ्या दुकानांच्या ॲपवरही दिसतं. केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यात खोटी निकड दाखवणं आहे. वर्षभर खरी दुकानं माणसाला घाई करायची सवय लावतात आणि दिवाळीत चोर त्या सवयीवर पोट भरतात.”

“मग तूच सांग, काय बदलावं?”

“पहिल्यांदाच पैसे जाणाऱ्या अनोळखी खात्यात मोठी रक्कम असेल, तर बँकेनं ती थोडा वेळ धरून ठेवावी. तेवढ्यात माणूस भानावर येतो.”

आत्याला हे चालत नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सराफाच्या काउंटरवर रांग लागलेली असताना पैसे अडकले, तर लोक बँकेला शिव्या देतील. तपासलेल्या व्यापाऱ्यांना वगळा, भाचा म्हणतो. मग चोर दुकानाच्या नावानं खातं काढेल, आत्या म्हणते, आणि बोलता बोलता थांबते. खातं काढताना दुकान खरंच आहे का, हे पाहायला जायचं काम शाखेचं असतं आणि नवी खाती वाढवायच्या रेट्यात ते कसं उरकलं जातं, हे तिनं नोकरीत पाहिलंय.

“तिथं मी तुझ्या बाजूची,” ती म्हणते. “भाड्याचं खातं ज्या शाखेत उघडलं, तिला जाब विचारलाच पाहिजे. ते होईल तेव्हा होईल. तू मात्र टेकवायच्या कार्डाची मर्यादा अजून पाच हजारच ठेवली आहेस. फोन काढ आणि ती आधी कमी कर.”